छपराचं वजन कुठे गेलं?

११ मार्च

जावईबापू,

पत्र पाहून दचकू नका, कुणी आजारी नाही. मी फोनवर बोलत नाही हे तुमच्या बायकोने सांगितलं असेलच. फोनवर माणूस वाटेल ते बोलतो आणि नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणून मोकळा होतो. चौतीस वर्षं मी इमारतींचे हिशेब तपासले. जे कागदावर नाही ते माझ्या लेखी झालंच नाही. तेव्हा उत्तरही कागदावर द्या, आणि जमलं तर ओळी सरळ ठेवून.

परवा भाची आली होती. मोठ्या कौतुकाने सांगत होती, "आत्या, यांनी बाबांच्या ऑफिसचा कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक करून दिला. चार तासांचं काम आता साडेतीन तासांत होतं." मी अर्थ विचारला तर म्हणाली, "म्हणजे त्याच्या मेंदूचा वेग वाढवतात." लोखंडी डब्याला मेंदू असतो हे मला या वयात कळलं.

तुमचा छंद मी ऐकून आहे. दिवसभर शीतगृहांचे मोठाले फ्रिज दुरुस्त करायचे आणि घरी येऊन कॉम्प्युटर उघडून बसायचं. कुठल्याशा स्पर्धेत त्याच्यावर गोठवणारा नायट्रोजन ओतून तुम्ही कपही आणलात म्हणे. तुमच्या घरात काय हवं ते ओता. पण माझा भाऊ त्याच्या यंत्रावर छपरं उभी करतो. सध्या पोहण्याच्या तलावावरचं छप्पर त्याच्याकडे आहे. छप्पर पेलणाऱ्या, दांड्या जोडून केलेल्या बारा लोखंडी कैच्या, प्रत्येकी तीस मीटर लांब, आणि खाली पाण्यात माणसं. कैचीतली कुठली दांडी किती जाड हवी हे ते यंत्र सांगतं, मी ते हाताने तपासते, मग भावाची सही होते. या तिघांत चौथ्या शहाण्याची जागा नव्हती. ती तुम्ही कुठून काढलीत?

नक्की काय केलंत, कशासाठी केलंत आणि कोणाला विचारून केलंत, ते दोन पानांच्या आत कळवा. 'मेंदू' हा शब्द न वापरता.

लग्नामुळे तुमचीही,
आत्या


१९ मार्च

आत्याबाई,

तुमचं पत्र मिळालं. ओळी सरळ याव्यात म्हणून खाली रेघांचा कागद घेतला आहे. तो तुमच्या भाचीनेच आणून ठेवला, आणि उत्तर लिहून होईपर्यंत ती समोरून हलेल असं दिसत नाही.

प्रोसेसर ही कॉम्प्युटरमधली हिशेब करणारी चीप. ती एका ठोक्यावर चालते, सेकंदाला काही अब्ज ठोके. कारखान्यातून बाहेर पडताना हा ठोका हात राखून ठरवलेला असतो, म्हणजे त्या मापाच्या सगळ्यात सुमार चीपलाही तो झेपावा. चांगली चीप त्याहून जास्त सोसते. तो ठोका वाढवणं म्हणजे ओव्हरक्लॉक करणं. यात धोका आहे का? आहे. ठोका वाढला की वीज जास्त लागते, वीज वाढली की चीप तापते. अति झालं की ती बंद पडते किंवा कायमची जळते. किंवा बंद न पडता चुकते, आणि हे सगळ्यात वाईट. मी आजवर सात प्रोसेसर जाळले आहेत. सातही माझे स्वतःचे. दुसऱ्याच्या यंत्रात मी काय करतो आणि काय करत नाही, ते या सातांनी मला शिकवलं.

बाबांच्या चीपचा ठोका कारखान्याने तीन-सहावर ठेवला होता, म्हणजे सेकंदाला तीन पूर्णांक सहा अब्ज ठोके. मी तो चार-दोनवर नेला. वीज सव्वा व्होल्ट होती तेवढीच ठेवली. चीपवर मोठा पंखा बसवला, दोन अख्खे दिवस यंत्र सतत राबवून तपासलं, आणि मगच परत आलो. येताना बाबांना कागदावर लिहून दिलं: हे आकडे बदलू नका, महिन्याला धूळ साफ करा, यंत्र आपोआप बंद पडलं तर त्याच दिवशी मला कळवा.

कोणाला विचारून? बाबांनीच बोलावलं होतं. कशासाठी, ते तुम्ही त्यांना विचारा. दोन गल्ल्या सोडून राहता, तिकीटही लागणार नाही.

आणि ज्यांना तुम्ही फ्रिज म्हणता त्यांतलं एकेक तीनमजली असतं. उष्णता कुठे तयार होते आणि ती कुठे नेऊन टाकायची, हेच मी रोज करतो. ते हलकं काम वाटत असेल तर तसं वाटू दे.

तुमचा जावई


२ मे

जावईबापू,

अभिनंदन. तुमच्या यंत्राने छपराचं वजन कमी करून दाखवलं.

एप्रिलमध्ये तलाव समितीने कळवलं की मधल्या चार कैच्यांना हवा खेळवणारे मोठे पंखे टांगायचे आहेत. एका कैचीला एक, वजन एक टन. आधी एका कैचीवर वरून सव्वीस टन येत होते, आता या चार कैच्यांवर सत्तावीस येणार. भावाने त्याच जुन्या फाइलमध्ये पंखे घातले, हिशेब पुन्हा चालवला आणि कागद माझ्याकडे पाठवले. कुठलाही हिशेब हातात आला की मी आधी एकच गोष्ट बघते. वरून जितकं वजन येतं तितकं खालच्या आधारांनी पेललं आहे का? शाळेतली बेरीज आहे, तुम्हालाही जमेल. तुमच्या कागदावर दोन्ही आधार मिळून किती पेलतात? साडेचोवीस टन. म्हणजे टनाचा पंखा टांगला आणि छप्पर दीड टनाने हलकं झालं! राहिलेले अडीच टन कोण धरून बसणार होतं? पाखरं?

फाइल तीच, माणूस तोच, छप्पर तेच. बदललेली गोष्ट एकच, आणि ती कोणी बदलली हे तुम्ही तुमच्या हाताने मला लिहून दिलेलं आहे. 'बंद न पडता चुकते, आणि हे सगळ्यात वाईट.' वाक्य छान आहे.

आता पुढचं ऐका. माझं उत्तर हाती येण्याआधीच भावाने ते कागद लोखंडाच्या कारखान्यात देऊन टाकले होते. असा उतावळेपणा त्याने जन्मात कधी केला नव्हता. तुमच्या यंत्राचा वारा त्यालाही लागलेला दिसतो. मी स्वतः कारखान्यात गेले तोवर चारही कैच्या जोडून, रंग देऊन उभ्या केलेल्या. प्रत्येकीत दोन तिरक्या दांड्या हव्या त्याहून बारीक. मी काम थांबवायला लावलं. तिथला मुकादम माझ्याकडे असा बघत होता जसं काही मीच चूक केली.

भावाला विचारलं तर तो टेबलावरचे नकाशे आवरायला लागला. तुम्हाला पाठीशी घालतो आहे, दुसरं काय. मुलीचा नवरा पडलात ना.

येऊन ते यंत्र होतं तसं करून द्या. आणि मग पुन्हा त्या ऑफिसची पायरी चढू नका.

आत्या


८ मे

आत्याबाई,

काल येऊन गेलो. यंत्र कारखान्याच्या मूळ ठोक्यावर आणलं आहे. वाढीव काही ठेवलेलं नाही. बाबांना सांगितलं आहे की चारही कैच्यांचा हिशेब पुन्हा चालवावा आणि तुम्ही तपासल्याशिवाय कागद कुणालाही देऊ नये.

बाकी काही विचारू नका. चूक माझी म्हणायची असेल तर म्हणा.

तुमचा जावई


१५ मे

जावईबापू,

चार ओळी. यंत्र बिघडवायला तुम्हाला अख्खे दोन दिवस लागले होते, कबुलीला चार ओळी पुरल्या. 'म्हणायची असेल तर म्हणा'! कबुलीतही मेहेरबानी. फ्रिजचं दार नीट लागलं नाही तर तुमच्या धंद्यात भाजी सुकत असेल. आमच्या धंद्यात लोखंड डोक्यावर येतं. हा फरक तुम्हाला कोणी समजावून सांगितला नसेल तर आता मी सांगते.

समितीला कळवणं भाग होतं. भावाला पत्र लिहायला सुचेना, तासभर कोरा कागद पुढे घेऊन बसला होता. शेवटी मी लिहून दिलं. त्यातलं वाक्य असं: 'आमच्या कार्यालयातील संगणकात कार्यालयाबाहेरील एका नातेवाईकाने परस्पर फेरफार केल्यामुळे हिशेबात चूक राहिली.' तुमचं नाव घातलं नाही, ते भाचीकडे बघून. भावाने पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि सही केली. पत्र उद्या समितीकडे जाईल. प्रत सोबत जोडली आहे, जपून ठेवा. तुमच्या त्या कपाशेजारी शोभून दिसेल.

भाचीने माझ्याशी बोलणं टाकलं आहे. टाकू दे. तिच्या लग्नाच्या वेळी माझं मत कुणी विचारलं नव्हतं, आताही विचारायला नको.

आत्या


२३ मे

आत्याबाई,

मी गप्प राहणार होतो. तुम्ही पाठवलेल्या प्रतीतला 'परस्पर' हा शब्द नसता तर कदाचित राहिलोही असतो. पाकीट माझ्याआधी तुमच्या भाचीच्या हाती पडलं. वाचून तिने मला एवढंच विचारलं, "तुम्ही बाबांना न विचारता केलंत?" लग्नाला आठ वर्षं झाली, तिने माझ्याकडे अशा नजरेने कधी बघितलं नव्हतं. तेव्हा आता सगळं ऐका.

सात तारखेला मी बाबांच्या ऑफिसात गेलो. नकाशे काढणाऱ्या बाई जेवायला गेल्या होत्या, बाबा एकटेच होते. यंत्र नुसतं चालू होतं, काही काम करत नव्हतं, तरी पंखा असा बोंबलत होता की दारातच मला कळलं. सेटिंग उघडलं. ठोका चार-नऊ. वीज जवळजवळ दीड व्होल्ट. हे आकडे माझे नाहीत. असे आकडे मी स्पर्धेत लावतो, पाच मिनिटांसाठी, जी चीप मेली तरी चालेल अशा चीपला.

मी विचारलं, "बाबा, याला कोणी हात लावला?"

"कशाला?"

"ठोक्याला. मी चार-दोनवर ठेवून गेलो होतो."

ते उठून खिडकीशी गेले. तिथे नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या असतात, त्या सरळ करत राहिले. मग म्हणाले, "मीच."

"मी लिहून दिलं होतं ना, आकडे बदलू नका म्हणून?"

"हो. त्या कागदावरूनच तर कळलं कुठले आकडे बदलायचे ते."

"बंद पडलं होतं का कधी?"

"दोनदा. मग वीज वाढवली, मग नाही पडलं."

"आणि तापल्यावर शिटी वाजते, ती?"

"ती बंद करून टाकली. डोकं उठायचं."

"मला एक फोन करायचा होता, बाबा."

"तुम्ही नको म्हणाला असता."

बासष्ट वर्षांचा माणूस, आत्याबाई. मान खाली घालून उभे होते. मी यंत्र मूळ ठोक्यावर आणलं, आणि निघताना त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "ताईला सांगू नका. तुम्हीच केलं असं समजू दे तिला. तुमच्याबद्दल तिच्या मनात जे आहे त्यात आणखी काय बिघडणार?"

मी हो म्हणालो. खरंच होतं ते, बिघडायला काही शिल्लकच नव्हतं. पण समितीच्या पत्रावर ते सही करतील असं मला वाटलं नव्हतं.

बारा तारखेला मी पुन्हा गेलो होतो, हेही तुम्हाला माहीत नसेल. मूळ ठोक्यावर चालवूनसुद्धा बाबांच्या हिशेबाचे दोन वेळचे आकडे जुळेनात. तीन-चार आठवडे इतकी वीज पाजल्यावर चीप आतून झिजते. मग ती जन्मापासून ज्या वेगाने चालायची तो वेगही तिला झेपत नाही. ती संपली आहे. मी माझ्या घरचं यंत्र, ज्याच्या ठोक्याला मी कधी हात लावलेला नाही, ते त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. कागदावर ठेवा. बाबांच्या हिशेबाचे तीन वेळचे कागद तुमच्याकडे आहेत: जानेवारीचे, फेब्रुवारीचे, एप्रिलचे. प्रत्येकाच्या अगदी वरच्या ओळीत हिशेबाला लागलेला वेळ छापून येतो. फेब्रुवारीनंतर सात मेपर्यंत मी तुमच्या गावात पाऊल टाकलं नाही. त्या मधल्या काळात यंत्राने आणखी अर्धा तास कसा वाचवला, ते बघा आणि मला सांगा.

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यात, आणि कागदाची पहिली ओळ वाचली नाहीत. वाचायची गरज कशाला? कोण चुकलं ते कागद उघडण्याआधीच ठरलेलं होतं.

तुमचा जावई


२६ मे

जावईबापू,

जानेवारी: चार तास. फेब्रुवारी: तीन तास सव्वीस मिनिटं. एप्रिल: दोन तास छप्पन्न मिनिटं.

तुमचं बरोबर आहे. कागद महिनाभर माझ्या टेबलावर होते.

काल भावाकडे गेले. एकच प्रश्न विचारला, "ठोका कोणी वाढवला?" तो म्हणाला, "ताई, आधी बस." मी बसले नाही, आणि त्यानेही उत्तर दिलं नाही. म्हणजे दिलंच. जावयाच्या आड लपलेला माणूस बघायची वेळ आमच्या घरात माझ्या भावाने आणली. मला त्याची दया येत नाही. किळस येते.

पण तुम्हीही थोर मन दाखवलंत अशा भ्रमात राहू नका. सात तारखेलाच खरं सांगितलं असतंत तर मी ते यंत्रच बंद ठेवायला लावलं असतं आणि त्या मेलेल्या चीपवर पुढचे पाच दिवस पुन्हा हिशेब झाला नसता. तो कारखान्यात गेला नाही हे नशीब, तुमचं कर्तृत्व नव्हे. वडीलधाऱ्यांचा मान ठेवायचा म्हणून माणसाने खोट्या बेरजेवर बसून राहायचं, हे मला कधी समजलं नाही.

समितीला दुसरं पत्र मी लिहिते आहे.

आत्या


४ जून

ताई,

तुझ्यासमोर उभा राहिलो की मी अकरा वर्षांचा होतो आणि माझी पाटी तुझ्या हातात असते. म्हणून लिहून कळवतो.

समितीकडे काल मी स्वतः जाऊन आलो. पहिलं पत्र खोटं होतं, जावयांनी मला विचारल्याशिवाय काहीही केलं नव्हतं, ठोका मी वाढवला, शिटी मी बंद केली, आणि तपासायच्या आधी कागद मीच कारखान्यात दिले, असं सगळं सांगितलं. अध्यक्षबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण त्या पत्रावर सही तुमचीच आहे ना?" मी हो म्हणालो. "मग तेव्हा का केलीत?" चारही कैच्यांमधल्या बारीक दांड्या कापून जाड बसवायच्या असं ठरलं आहे. काम माझ्याकडेच राहील, पण माझा प्रत्येक कागद आता त्यांनी नेमलेला तपासनीस आधी बघेल.

तिथून जावयांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, चहा केला, फार बोलले नाहीत. मुलगी बोलली. ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही, पण त्यातलं काही खोटंही नाही.

आता तुला सांगायचं ते. गेल्या नोव्हेंबरात तू माझी फाइल परत केलीस तेव्हा समासात लिहिलं होतंस, 'यंत्र असून इतका उशीर? हाताने याआधी झालं असतं.' नकाशे काढणाऱ्या बाईंनी ते माझ्याआधी वाचलं. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला न दिसेल अशी फाइल मिटून ठेवली. फेब्रुवारीत मी जावयांना बोलावून घेतलं. वेळ कमी झाला, फाइल वेळेवर गेली, आणि तू उशिराबद्दल काही लिहिलं नाहीस. तू काही लिहिलं नाहीस की मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटतं, ताई. हे तुला माहीत नसेल. मग वाटलं, आणखी थोडं लवकर झालं तर? यंत्र दोनदा बंद पडलं तेव्हा मला समजायला हवं होतं असं लोक म्हणतील. समजलं होतं. आणि पंख्यांचे कागद तुझ्याकडे आणि कारखान्यात एकाच दिवशी पाठवले, ते यासाठी की एकदा तरी माझं काम तुझ्या लाल पेन्सिलीच्या पुढे निघून जावं.

दोष तुझा आहे असं मी म्हणत नाही. हात माझा होता. पण यापुढे माझ्या फायली तुझ्याकडे येणार नाहीत. समितीच्या कामाच्या तर नाहीच, दुसऱ्याही नाहीत. रागाने म्हणत नाही. फाइल तुझ्याकडे जाणार असली की दांडीची जाडी ठरवताना मी छपराचा विचार करत नाही, तुझा करतो. असं ठरवलेलं छप्पर कुणाच्या डोक्यावर असू नये.

धाकटा


२० सप्टेंबर

जावईबापू,

तलाव गेल्या आठवड्यात सुरू झाला. तुम्हा दोघांना बोलावणं होतं, आला नाहीत. कारण विचारत नाही.

सोबत एक प्रत जोडली आहे. मी समितीला जूनमध्ये पाठवलेल्या त्या दुसऱ्या पत्राची. 'परस्पर' हा शब्द माझा होता, माझ्या भावाचा नव्हता, आणि तो मी काहीही न तपासता लिहिला, असं त्यात आहे. तुम्हाला माझी माफी हवी असेल तर ती त्या कागदात आहे. वेगळी लिहायची मला सवय नाही, आणि जमलीही नसती.

भावाच्या फायली आता त्या नव्या तपासनिसाकडे जातात. कोवळा वाटतो, चाळिशीचाही नसेल. मी त्याने तपासलेली एक फाइल मिळवली, कशी ते विचारू नका. तीन दिवस चूक शोधली. सापडली नाही. समासात तो 'कृपया पुन्हा पाहावे' असं लिहितो. कृपया! चुकलेल्या बेरजेला पायघड्या. अशाने इमारती उभ्या राहतात यावर माझा अजून विश्वास बसत नाही, पण राहताहेत खऱ्या.

उद्घाटनाला मी गेले होते. कोणी नेलं नाही, माझी मी गेले. आत शिरल्यावर पाण्याचा तो औषधी वास आणि इतका कल्ला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. सगळे पाण्याकडे बघत होते. छपराकडे बघणारे आम्ही दोघेच, भाऊ आणि मी. तो पलीकडच्या भिंतीला टेकून उभा होता. वाळला आहे. मी दिसल्यावर आला.

"आलीस, ताई?"

"आले."

"पंखे बरे चालताहेत."

"दिसतंय."

मधल्या चार कैच्यांमधल्या नव्या दांड्या खालून ओळखू येतात. रंग एक छटा गडद आहे. मला त्यांच्या जोडांबद्दल विचारायचं होतं. कोणी तपासले, किती जाडीने जोडले, आधारांची बेरीज पुन्हा केली का? सगळे प्रश्न ओठांवर तयार होते. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याचे खांदे वर आले होते, मी तोंड उघडलं की येतात तसे. हे त्याचे खांदे मी पन्नास वर्षं बघते आहे आणि मला वाटायचं त्याची उभं राहायची पद्धतच तशी आहे.

मी काही विचारलं नाही. तशीच घरी आले.

मला ते फार जड गेलं. हे कळवावं असं दुसरं कुणी माणूस माझ्याकडे नाही, म्हणून तुम्हाला कळवते.

आत्या